भरतीचा रकाना

२ मे १९९४, सोमवार. जळगाव
आलो एकदाचा! दोंडाईच्याला थोरल्या भावाने, भिकनभाऊने, माझी वळकटी स्वतः गाडीत चढवली आणि अख्ख्या डब्याला सांगून टाकलं, मना भाऊ सरकारी कॉम्पुटर चलाडाले चालना. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मेहरूणला माडीवरची खोली मिळाली आहे. खिडकीतून तलाव दिसतो, म्हणजे सध्या मधोमध डबकं आणि भोवती भेगा.

ऑफिस पूर नियंत्रणाचं. गच्चीवर उपग्रहाची छत्री, खाली बंद खोलीत यंत्र. याला ऑनलाइन म्हणतात, इथे भरलेलं क्षणात मुंबईत दिसतं. खोलीत एसी आहे, तोही यंत्रासाठी. आम्ही आपले डबा खायच्या निमित्ताने आत घुसतो. हेडक्लार्क जीवराम आबांनी बजावलं आहे, याला जावयासारखं सांभाळायचं.

४ मे, बुधवार
मूळ प्रोग्रॅम समुद्रकाठच्या गावांसाठी केलेला. तोच आता तापीकाठाला वापरायचा आहे. गाव, घरं, जमिनीची उंची भरली की पडद्यावर नकाशा उमटतो आणि पाणी कुठवर चढेल ती निळी रेघ दिसते. कोणाला कुठे हलवायचं ते पावसाळ्याआधीच ठरवता येतं. पहिलं गाव तामसखेडे. सगळं भरलं आणि एका रकान्याशी अडलो: ‘भरती’. शेजारच्या रकान्याची अक्षरं फुटून नुसते चौकोन झालेले.

आबांना विचारलं तर ते हसले. म्हणाले, भरती म्हणजे भरती, दुसरं काय असणार? काठावर पहारेकरी नेमायचे असतात, त्यांची नावं टाक. दोन त्यांनीच दिली, केळीवाला सुपडू आणि सातपुड्याकडून मजुरीला येऊन राहिलेला बिजला. तिसरी जागा रिकामी राहिली. कापसाच्या जिनिंगमधलं काम सुटल्यापासून भाऊ घरीच बसून आहे, म्हणून मी भीतभीत त्याचं नाव काढलं. आबा म्हणाले, टाक, वशिल्याचं तट्टू तर वशिल्याचं! आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. भाऊला लगेच पत्र टाकलं.

९ मे, सोमवार
भाऊचा ऑफिसात फोन आला. मनी भरती व्हई गई, असं तो बठ्ठा गावाले सांगत फिरतो आहे. वहिनीने गल्लीत पेढे वाटले. खोटं कशाला बोलू, माझे डोळे भरून आले. मला शिकवायला म्हणून त्याने सातवीत शाळा सोडली होती.

एक चमत्कारिक गोष्ट. तामसखेड्याची निळी रेघ काठ सोडून वर सरकली आहे. मी हात लावलेला नाही. सुपडूच्या नावावरही निळसर झाक आली आहे. आबा म्हणाले, या उन्हात यंत्राचंही डोकं फिरतं.

११ मे, बुधवार
सुपडू गेला. तलाठ्याने येऊन सांगितलं. भर दुपारी केळीच्या बागेत सापडला, बुडून मेलेला. बुडून! नदीत वाळू उडते आहे, विहिरीत बादली बुडत नाही. नाकातोंडातून पाणी आलं आणि मिशांवर मीठ सुकलं होतं. आबा म्हणाले, ऊन लागलं असेल. पण त्यांनी चहाला हात लावला नाही.

१६ मे, सोमवार
बिजलाही. डांबरी रस्त्यावर, सगळ्यांदेखत. त्याची बायको दिवालीबाई तलाठ्याला सांगत होती, कोणीतरी पाय ओढावेत तसा पडला आणि कोरड्या रस्त्यावर हातपाय मारत राहिला. तिने तोंड पुसलं तर हात खारट झाला.

नकाशा कागदावर छापून काढला. पडद्यावरचे ते फुटके चौकोन कागदावर नीट अक्षरांत आले: ‘ओहोटी’.

भरती आणि ओहोटी. समुद्राची! आम्ही खानदेशातली माणसं, समुद्र पाहिलाय कोणी? पाणी किती चढेल ते लिहायच्या जागी मी माणसं लिहिली. आणि समुद्र त्यांना न्यायला आला.
रेघ तिसऱ्या नावाला टेकली आहे. देवा, ते माझ्या भावाचं आहे.

१७ मे, मंगळवार
नाव पुसलं जात नाही. ‘भरती रिकामी ठेवता येणार नाही’, एवढंच येतं. ओहोटीत काहीच घेत नाही. मुंबईला फोन लागत नाही. वायर उपटली, तरी पडदा निळाच. आबांना सांगितलं, ते म्हणाले, दोन दिवस झोप काढ.
भाऊला फोन केला. भरती रद्द झाली, घराबाहेर पडू नको. पलीकडे तो थुंकला. मग म्हणाला, सकाळपासून तोंड खारट लागतंय. म्हणजे —
त्याच्या जागी दुसरं नाव हवं. आबांचं टाइप केलं. पुसलं. नाही जमत.
माझं टाकलं.
लगेच घेतलं.
भाऊ वाचला. माझा भाऊ वाचला.

१८ मे, बुधवार
घरीच आहे. माठ खारट. भिंतीतून पाणी झिरपतंय, माडीवर, मे महिन्यात. भीती वाटते, फार वाटते. पण भाऊ —

पाणी गुडघ्याला. दार फुगलंय, उघडत नाही.

जिन्यावर पावलं. भाऊ! तो इथे कसा —
दाराबाहेरून विचारतोय, मनं नाव काबरं काढं रे? पण हसतोय. ऑफिसात जाऊन आलाय. आबांना वाटलं, मी चुकून स्वतःचंच नाव टाकलं. माझं काढून त्यांनी त्याचं परत —

पाणी मागे सरतंय. दाराखालून बाहेर चाललंय. त्याच्याकडे.
तो खोकतोय.
माझा आवाज फुटत नाही, तोंडात अजून पाणी — हे पान फाडून दाराखालून सरकवतो — भाऊ, पळ. आबांना सांग ते नाव काढा, माझं टाका, लगेच — त्यांना सांग, भरती म्हणजे —