नारळाने पाय जुळत नाही
मंगळवार, संध्याकाळ

"कशेळ्याच्या बाजारातून जीपला मागे लोंबकळत घरी जाणाऱ्या बायांनो, पडलात की चूक तुमचीच ठरते!" आज सभेची सुरुवात मी अशी केली. टाळ्या पडल्या, पण सभा जिंकली ती हिराबाईने.

महिन्यापूर्वी ती भाच्याच्या, नामाच्या जीपमधून पडली. पाय मोडला. नामाने देवळात नारळ फोडला आणि गावाने विषय मिटवला. पोलिसात नोंदच नाही. नोंदीचं तेव्हाच का नाही विचारलं मी? नोंदीशिवाय भरपाईचा दावा लटकतो, हे सांगत होते, तोच ती कुबडीवर उठली.

"ताई, नारळ मी बी खाल्ला. ग्वाड व्हता. पाय कुठं जुळला?"

हशाच हशा! दारातून नामा ओरडला, "आत्ये, मला जेलात धाडतेस काय गं?"

"तुला नाय रं येड्या, तुझ्या जीपच्या इम्याला उठवते!"

भरपाई विमा कंपनी देते, हे त्याला ठाऊकच नव्हतं. लाजत म्हणाला, "मग मीच नेतो तुला पोलीस ठाण्यात."

इतकी पुस्तकं वाचली, पण ते नारळाचं वाक्य मला सुचलं नसतं. अजून हसतेय.

स्वतःलाच बजावते: उद्या दहाला त्यांच्यासोबत ठाण्यात जा. आणि तिथे तोंड मिटून बस. जबाब हिराबाईलाच देऊ दे.