खोटा निरोप

९ जानेवारी १९७४, बुधवार

पोचले एकदाची! ठाण्याच्या इस्पितळातल्या मोठ्या सिस्टरबाई म्हणाल्या होत्या की भिवंडीत धूळ, डास आणि गोंगाट याशिवाय काही मिळायचं नाही. डास अजून चावलेले नाहीत, म्हणजे त्या पूर्ण खऱ्या ठरल्या नाहीत. स्टँडवर विठू न्यायला आला होता. हा युनियनचा माणूस, दादांचा उजवा हात. माझी ट्रंक सायकलच्या कॅरियरला बांधून तो पुढे आणि मी मागे, अशी आमची वरात नारपोलीपर्यंत आली.

दादा म्हणजे माझे पेशंट, दौलतदादा. लूमवर, म्हणजे विजेच्या मागांवर, काम करणाऱ्या कामगारांचे पुढारी. त्यांच्या घरी जायचंय म्हटलं की टांगेवाला पैसे घेत नाही म्हणे. हृदयविकाराचा दुसरा झटका येऊन गेलाय. इस्पितळात राहायला साफ नकार देऊन घरी आलेत, म्हणून डॉक्टरांनी मला त्यांच्याजवळ राहायला पाठवलं आहे.

घराच्या तिन्ही बाजूंना लूमच्या शेड. खटखट, खटखट, दिवसरात्र. चहा आला तर कप बशीत आपोआप खुळखुळत होता. मला हसूच फुटलं. दादांच्या पत्नी ठमाबाई म्हणाल्या, "दोन दिस ऱ्हा बाय, मंग तुला आयकूच येनार न्हाय."

एक गोष्ट मुद्दाम लिहून ठेवते. चहा संपल्यावर माझा कप कुठे जातो इकडे माझं लक्ष होतं. आडनाव कळलं की कप वेगळा ठेवणारी घरं मी पुष्कळ पाहिली आहेत. ठमाबाईंनी तो घरातल्या कपांबरोबर विसळला आणि फळीवर त्यांच्या शेजारीच पालथा घातला. आईला पत्रातून हे कळवायचं. शहापुरात बसून ती उगाच माझी काळजी करत असते.

१३ जानेवारी, रविवार

दादा पेशंट म्हणून वाईट आणि माणूस म्हणून फार चांगले. सकाळी डोळे उघडले की पहिला प्रश्न, आज पेपरात माझं काय झालं? मग मी वाचून दाखवायचं. एकाने छापलंय, त्यांची वाचा गेली. दुसऱ्याने लिहिलंय, उजवा पाय कापला. तिसऱ्याने तर त्यांना गुपचूप रशियाला नेलंय. "रशियाला गेलो व्हतो त माजा स्वेटर कुठं हाय?" असं म्हणून एवढे हसायला लागले की मला रागवावं लागलं. त्यांच्या छातीला सध्या हसण्याची परवानगी नाही.

विठू म्हणतो, यात हसण्यासारखं काही नाही. पगारवाढीची बोलणी चालू आहेत. दादा संपले असं एकदा पसरलं की मालक लोक बोलणी गुंडाळणार. दादांना मात्र काळजी नाही. ते म्हणतात, पेपर वाचायची गरजच काय? "लूम चालू हायत न्हवं? मंग मी जिता हाय. मी मेलो त पयले लूम बंद व्हतील."

हे ते थट्टेने म्हणतात, पण मला ते खरंच वाटतं. त्या खटखटीवर त्यांना झोप लागते. काल घटकाभर वीज गेली, लूम थांबले, तर दचकून जागे झाले आणि नाडी सैरावैरा धावायला लागली. वीज आली, लूम सुरू झाले, नाडी आपली पुन्हा शहाण्यासारखी.

१७ जानेवारी, गुरुवार

बातमीदारांनी नुसता उच्छाद मांडलाय. मुंबईची जीप कायमची दारात. एकजण केळ्यांचा घड घेऊन दादांचा भाचा म्हणून आत शिरला. ठमाबाईंनी विचारलं कुठल्या बहिणीचा, तर घड तिथेच टाकून पळाला. एकाने स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्या माउलीला विचारलं की अंत्ययात्रा इथून निघेल की दादांच्या मूळ गावातून, पूर्ण्यातून. त्या भाकरी थापत होत्या. थापता थापता हात थांबला, एवढंच.

एक चष्मेवाला कॅमेरा घेऊन शेजारच्या शेडच्या पत्र्यावर चढला होता. मी मोरीतलं घमेलंभर पाणी त्याच्या अंगावर फेकलं. खाली उतरून त्याने मला विचारलं, सुई कसली देता? नाव काय? पूर्ण नाव काय? मी दार लावून घेतलं.

पण दादा सुधारताहेत! डॉक्टरांनी अंगणात कोवळ्या उन्हात बसवायला परवानगी दिली. मला फार आनंद झाला. या माणसाला मी चालता-फिरता करून दाखवणार आहे.

१९ जानेवारी, शनिवार

उन्हात खुर्ची टाकून दादांना बसवलं. मी शाल सारखी करत होते, तेवढ्यात एक कावळा येऊन थेट त्यांच्या डोक्यावर बसला. पंख फडफडले आणि गेला. बारीक ओरखडा आला, मी टिंक्चर लावलं. माझ्या दृष्टीने विषय संपला होता.

ठमाबाईंच्या हातातलं ताट खाली पडलं. त्यांच्याकडे समजूत अशी, की कावळा डोक्यावर बसला म्हणजे मरण माणूस बघून गेलं. त्यावर उपाय एकच. जवळच्या माणसाला खोटा निरोप धाडायचा की हा गेला. ते माणूस मनापासून रडलं की मरणाला वाटतं, आपलं काम झालं. मग लगेच मागून दुसरा निरोप आणि गूळ पाठवायचा की घाबरू नका, सुखरूप आहे. दादांची बहीण रंगूबाई वडप्याला असते, तिच्याकडे माणूस गेला. दुसरा निरोप घेऊन विठू निघणार.

मी म्हटलं, आम्ही दीक्षा घेतल्यापासून घरात कावळा नाही, पिंड नाही, आणि आमची माणसं काही लवकर मरत नाहीत. त्या म्हणाल्या, "तुजा खरा असंल बाय. पन मना भ्या वाटते." त्यांचे डोळे बघून पुढे बोलवेना. इतक्या अफवा उठल्या, त्यात ही एक घरची. गुळाची पुडी मीच बांधून दिली.

२० जानेवारी, रविवार

काय होऊन बसलं हे!

रंगूबाई निरोप ऐकून छाती बडवत रस्त्यावर धावल्या. वडप्याला हमरस्ता, तिथे हॉटेलात ती मुंबईची जीप चहाला थांबलेली. विठू गूळ घेऊन पोचला तेव्हा जीप निघून गेली होती. आज सकाळच्या पेपरात काळ्या चौकटीत दादांचा फोटो.

आणि लूम थांबले.

आधी डावीकडची शेड, मग समोरची, मग मागची, मग लांबलांबच्या. इतके दिवस अंगात भिनलेला आवाज गेला आणि मला स्वतःचा श्वास ऐकू यायला लागला. दादा जागे झाले. "चंद्रा, लूम का बंद?" मी पटकन म्हटलं, वीज गेली. त्यांनी वर बघितलं. त्यांच्या डोक्यावरचा दिवा लख्ख जळत होता.

मी हात धरून सांगत बसले, अफवा आहे, आणखी एक अफवा आहे, तुम्ही आहात. ते ऐकत नव्हते. ठमाबाईंकडे वळून अगदी शांतपणे म्हणाले, "ठमे, बांगड्या नाय फोडल्यास अजून?"

मी नाडी बघितली. मिळाली नाही. दुसऱ्या हाताची बघितली. गळ्याशी बघितली. थर्मामीटर लावला, पारा जागचा हलला नाही. आणि ते माझ्याकडे बघून विचारत होते, काय झालं सिस्टर?

२१ जानेवारी, सोमवार

गल्लीत पाय ठेवायला जागा नाही. विठू फाटकावर चढून घसा फोडून सांगतोय की दादा जिते आहेत. लोक रडताहेत आणि त्यालाच शिव्या देताहेत. मालकांनी विकत घेतलाय म्हणतात, मढं लपवतोय म्हणतात. बातमीदार म्हणतात, जिवंत असतील तर दाखवा. कसे दाखवू? हात बर्फासारखे. पेज दिली तर म्हणाले, "मेलेल्याला पेज कशाला?"

मला एकच सुचलं. आवाज पाहिजे. विठूला विनवलं, एक लूम चालू करायला सांग, एकच. तो म्हणाला, सिस्टर, आज कोणाचा हात उठणार नाही. मग मी मागच्या दाराने शेडमध्ये गेले. खटका ओढला, दांडा ओढला. एक लूम सुरू झाला. खटखट! खटखट! तशीच धावत खोलीत आले, मनगट धरलं, आणि बोटांखाली नाडी लागली! बारीक, पण होती! ओठ हलले. "पानी." मी रडत होते, ठमाबाई रडत होत्या, वाटीतलं पाणी सांडत होतं.

तेवढ्यात बाहेर आरडाओरडा. दादांच्या सुतकात लूम चालवतो कोण? माणसं शेडमध्ये घुसली. लूम थांबला. माझ्या बोटांखालीच नाडी थांबली.

खिडकीत कॅमेऱ्याचा उजेड चमकला. तोच चष्मेवाला.

२२ जानेवारी, मंगळवार

पेपरात माझा फोटो. केस सुटलेले, पदराला कापूस. नर्सने विषारी सुई दिली, मालकांचे पैसे खाल्ले, आनंदाने लूम चालवला. माझं नाव, आडनाव, शहापूरचा पत्ता, सगळं छापलंय.

पोलिसांनी डॉक्टरांना आत आणलं. त्यांनी नळी लावली आणि मला विचारलं, केव्हा गेले? मी म्हटलं, आत्ता बोललेत माझ्याशी. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, विश्रांती घ्या म्हणाले, आणि हात धुवायला गेले. तेवढ्यात कुठेतरी लांब एक लूम सुरू झाला. मला स्पष्ट ऐकू आला. मी दादांच्या कानाशी ओरडले, ऐका, लूम! ऐका ना!

ते म्हणाले, "मना न्हाय आयकू येत."

मग माणसं आली. उचललं. मी आडवी पडले, मला बाजूला ओढलं. तिरडीवर बांधताना दादा म्हणाले— दोर जरा ढिला बांधा—

कोणी ऐकलं नाही. फक्त ठमाबाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी पदर तोंडात कोंबला.

२३ जानेवारी

नेलं. जाळलं. मी काही करू शकले नाही. देवा— कोणाला हाक मारू, मी तर देवही मानत नाही.

दगड येताहेत. नर्सला बाहेर काढा. विठू दाराला पाठ लावून बसलाय. पोलीस म्हणतात, हलू नका. ठमाबाई सारख्या माझ्या तोंडावरून हात फिरवतात.

आईकडे जायचंय. बस.

२४ जानेवारी

बाहेर शांत आहे. दगड थांबले. ठमाबाई चहा घेऊन आल्या. उघडे हात, बांगड्या नाहीत. म्हणाल्या, आता भिऊ नको, मी तुझ्यासाठी केलंय. काय केलंय?

काल शहापूरला माणूस पाठवला. आईकडे. चंद्रा गेली म्हणून. "आई रडली का तुज्यावरचा टलंल, बाय."

मी किंचाळले. मागून दुसरा निरोप? दुसरा कोण नेणार? त्या म्हणाल्या, विठू जाईल, वाट मोकळी झाली की—

आईने पेपर बघितला असेल. तिला खरंच वाटलं असेल. ती कालच—

कप बशीत थरथरतोय. चहावर बारीक लाटा. बाकावरची वाटी सरकत सरकत कडेला आलीय. आवाज नाही. ठमाबाईंना विचारलं, लूम सुरू झाले का?

म्हणाल्या, सकालपासून चालू हायत. तुला आयकू येत न्हाय?

सवय झाली असेल. दोन दिवसांत होते म्हणाल्या होत्या. सवयच—

कप बशीवर आपटतोय, बघतेय मी, आवाज—

मनगट बघितलं. डावं. उजवं. गळा. पुन्हा डावं.

विठूला पाठवा. आत्ता पाठवा. कोणीतरी तिला सांगा, रडू नको म्हणावं, आई, रडू नको गं, मी इथेच आहे, मी अजून