डबीचा आकडा

४ मार्च, बुधवार

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

इकडे सर्व ठीक, तिकडचं कळव, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. तू कळवणार नाहीस हे ठाऊक आहे. फोनच करणार होतो, पण मी 'डबी' म्हटलं की तू फोन ठेवतेस. पत्राचं बरं असतं. रागानं बाजूला टाकलं तरी ते तिथंच पडून राहतं.

आईचा गुडघा आहे तसाच आहे. नवा चष्मा आणलाय, तो डोक्यावर चढवून ती घरभर शोधत फिरते. बाबांचा उजवा हात अजून उठत नाही. बोलणं म्हणजे 'हं' आणि 'अं', पण कुठल्या 'हं'चा काय अर्थ ते आईला बरोबर कळतं, निदान तिचं तसं म्हणणं आहे. दुकान मी बघतो. मिक्सर, पंखे, कधी टीव्ही. दुरुस्तीला रेडिओ वर्षातून एखादा येतो, तो मी आधी बाबांच्या पुढ्यात नेऊन ठेवतो. ते त्याच्यावरून डावा हात फिरवतात, मग मी खोलतो.

भाऊजी सांगत होते, तू हल्ली घरातला बल्ब बदलायलाही वायरमन बोलावतेस. शाळेच्या वाचनालयात दिवसभर पुस्तकांना नंबर चिकटवतेस आणि घरी आल्यावर प्लगला हात लावत नाहीस. ते हसत सांगत होते. मला हसू आलं नाही.

सोबत पार्सल पाठवतोय. त्यात हातात धरायचा अँटेना, छोटा रिसीव्हर आणि एक पेनड्राइव्ह आहे. पेनड्राइव्हवर उपग्रहांचा माग ठेवणारं सॉफ्टवेअर आहे, आपल्या गच्चीवरच्या खोलीत होतं तेच. लॅपटॉपवर टाकायला दोन मिनिटं लागतात, खरं काम सेटिंग्ज लावण्याचं. वेगळ्या कागदावर यादी दिली आहे. तू माझ्यापेक्षा शंभर पटींनी हुशार, म्हणजे हे शिकल्यासवरल्याला पाटीवर अक्षर गिरवून देण्यासारखंच झालं, तरी इथंही सांगतो. का, ते पुढे येईल.

पहिलं, ठिकाण. हे सॉफ्टवेअर न विचारता माणसाला भलत्याच शहरात नेऊन बसवतं. तिथं तुझ्या घराचे अक्षांश-रेखांश घाल. उंचीही घाल, चौथ्या मजल्याचे बारा मीटर धरून. आपल्या गच्चीचे आकडे मला झोपेतही सांगता येतील. तुझ्या घराचे काढायला नकाशा उघडला आणि तुझी गल्ली सापडेना. वीस महिन्यांत एकदाही आलो नाही, मग सापडणार कशी?

दुसरं, वेळ. तिथं जगाची वेळ लावलेली असते, ती बदलून आपल्या घड्याळाची कर. बाबांनी ती कधी बदलू दिली नाही. आई विचारायची, जेवायला कधी बसायचं ते तुमच्या वेळेत सांगताय की माणसांच्या?

तिसरं, क्षितिज. उपग्रह किती अंश वर आला की तुला दाखवायचा, ते तिथं ठरतं. शून्य ठेवू नकोस, समोरच्या इमारती आड येतील. दहा ठेव.

चौथं, यादी. सुरुवातीला शेकडो उपग्रहांपुढे खुणा असतात आणि पडद्यावर साखरेला मुंग्या लागल्यासारखं दिसतं. सगळ्या खुणा काढून टाक. एकच ठेव, आपल्या डबीची.

हो, यादीत ती अजून आहे. ताई, डबी जिवंत आहे.

हे पत्र आता बाजूला टाकलं असशील तर पाणी पी आणि पुन्हा उचल. रेडिओ क्लबच्या आपण आठ जणांनी मिळून बांधलेला तो वीतभर उपग्रह, जो एकोणीस दिवस बोलून गप्प झाला आणि तुझ्या बॅटरीनं दगा दिला म्हणून ज्याची फाइल बंद केली, तो मी गेल्या महिन्यात ऐकला. रोज ऐकतोय.

झालं असं. गच्चीवरच्या खोलीतला जुना कॉम्प्युटर एकदाचा बंद पडला. नवा आणला तो खाली बाबांच्या खोलीत मांडला, तेवढीच त्यांना सोबत. सॉफ्टवेअर नव्यानं टाकलं आणि केवळ हाताच्या सवयीनं डबीचं नाव निवडलं. संध्याकाळी सहा-दहाला ती डोक्यावरून जाईल असं त्यानं सांगितलं. सहा-दहाला ती बोलली. आधी आकडा, मग नाव. तुझाच हट्ट होता तो. नाव काय कुणीही सांगेल, आधी बॅटरी किती आहे ते सांगू दे, म्हणायचीस. सात पॉइंट नऊ व्होल्ट, ताई. सहा महिने टिकली तरी खूप म्हणून तू बांधलेली बॅटरी विसाव्या महिन्यात सात पॉइंट नऊ सांगत होती.

बाबा खुर्चीत होते. डबीची ती मोर्सची टिकटिक त्यांना भाषेसारखी येते, पक्षाघाताच्या झटक्यानं हे पुसलं गेलेलं नाही. त्यांनी डाव्या हातानं पेन्सिल उचलली आणि वर्तमानपत्राच्या कडेला ७.९ लिहिलं, वाकडंतिकडं. मग माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्याचा अर्थ आईला विचारावा लागला नाही.

आता पाचवं सेटिंग. त्याच्यासाठीच एवढी पानं भरली. 'कक्षेची माहिती आपोआप ताजी करा' अशी एक चौकट आहे. तिच्यात आधीपासून खूण असते. ती काढू नकोस.

मी काढली होती.

आठवतंय ना, डबीबरोबर त्याच रॉकेटमधून आणखी अकरा उपग्रह सुटले होते, आणि पहिल्या आठवड्यात कुठला कुणाचा ते कुणालाच छातीठोक सांगता येत नव्हतं. बाबांनी कान लावून बसून आपली कुठली ते हुडकून काढलं आणि तिच्या कक्षेचे आकडे हातानं भरले. दुसऱ्याच दिवशी सॉफ्टवेअरनं आपोआप माहिती आणली आणि बाबांचे आकडे पुसून टाकले. बाबा किती तापले होते. मी ती खूण काढली, त्यांचे आकडे पुन्हा भरले, आणि दोन दिवसांनी खूण परत लावायची असं ठरवून विसरलो.

हवा कितीही विरळ असली तरी डबीला ओढतेच. ती रोज थोडी खाली येते आणि थोडी लवकर पोचते. आपण जुन्या वेळेवर अँटेना धरून उभे राहायचो, तोवर ती येऊन गेलेली असायची. हाती लागायची ती जाताजाताची तिची पाठ. म्हणून आवाज रोज बारीक होत गेला आणि शेवटी आकडाही लागेना. बॅटरी मरते तेव्हा हुबेहूब असंच ऐकू येतं.

क्लबच्या बैठकीत आपला क्लब चालवणाऱ्या सरांनी मला विचारलं होतं, "माहिती ताजी होती ना?" मी म्हटलं, "हो सर, आपोआप येते." मग सगळ्यांनी तुझ्याकडे पाहिलं. बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, "जोडकाम जमत नसेल तर माणसानं हात लावू नये." तू तुझी सोल्डरिंगची पेटी त्यांच्या टेबलावर ठेवलीस आणि निघून गेलीस.

इथवरचं सगळं चूक म्हणून खपेल. पुढचं खपणार नाही. त्याच संध्याकाळी मी वर जाऊन ती चौकट उघडली. खूण नव्हती. लावायला एक बोट पुरलं असतं. मी लावली नाही. लावली असती आणि डबी बोलली असती, तर खाली येऊन सगळ्यांना सांगावं लागलं असतं. मी पडदा बंद केला आणि त्यानंतर वर गेलोच नाही. पुढे बाबांना झटका आला तेव्हा वाटलं, सांगून टाकावं. मग वाटलं, आता कशाला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. माझ्या मनात वीस महिने ती एक रिकामी चौकट होती. मला माझी लाज वाटते, ताई.

बाबांना आता सगळं कळलंय. त्यांना मला रागावता येत नाही, आणि तुला जे बोलले ते परतही घेता येत नाही. नुसते बसून राहतात.

आणि डबी पडतेय. सोळा-सतरा तारखेपर्यंत जळून जाईल. तिला ना इंजिन ना काही, इथून कुणी काही करू शकत नाही. माझ्या शब्दावर विश्वास ठेव म्हणायला मला तोंड नाही, म्हणून तू तुझ्या कानानं ऐक. ती गेल्यावर तुझ्याकडे फक्त माझं सांगणं उरेल, आणि ते आपण एकदा वापरून पाहिलंय. पुढच्या बुधवारी, अकरा तारखेला, सहा बावन्नच्या सुमारास ती एकाच वेळी तुझ्या आणि आमच्या आकाशात असेल. जेमतेम पाच मिनिटं. नेमकी वेळ सॉफ्टवेअर सांगेल, पाचवं सेटिंग नीट असेल तर.

उत्तराची वाट पाहणार नाही असं लिहिणार होतो. पण पाहीन.

तुझा
बारक्या


२४ मार्च, मंगळवार

ती. ताईस नमस्कार.

पार्सल परत मिळालं. पोस्टमननं ते दारात ठेवलं तेव्हा आई म्हणाली, न उघडताच पाठवलं असेल. मलाही तसंच वाटलं. तिला वाईट वाटू नये म्हणून मी ते दुकानात नेऊन उघडलं.

अँटेनाच्या काड्या लांबीप्रमाणे लावलेल्या. वायर आठाच्या आकड्यात गुंडाळलेली, तुझ्याशिवाय कुणी तशी गुंडाळत नाही. चिठ्ठी नव्हती. तळाशी माझी यादी होती, आणि पहिल्या चार ओळींपुढे पेन्सिलीनं बरोबरच्या खुणा, लहानपणी माझ्या जोडण्या तपासताना करायचीस तशा. पाचवीपुढे काही नाही. सेटिंग लावलं असणारच, नाहीतर पुढच्या वेळा जुळल्या नसत्या. कागदावर खूण तेवढी केली नाहीस.

मागच्या बाजूला तारखा होत्या, प्रत्येकीपुढे वेळ आणि आकडा. अकरा, ७.९. बारा, ७.९. चौदा, ७.८. पंधरा, ७.८. सोळा, सहा एकतीसपासून सहा अठ्ठेचाळीसपर्यंत, काही नाही.

बाबांचा कागद मी शेजारी ठेवून पाहिला. तोच आकडा, त्याच दिवशी, त्याच मिनिटाला. तेराला दोघांनाही मिळाली नाही, ती क्षितिजाला फारच चिकटून गेली. सोळाच्या संध्याकाळीही बाबा पेन्सिल हातात धरून बसले होते. मी दोनदा म्हटलं, बाबा, झालं, तरी त्यांनी ती खाली ठेवली नाही. डबी त्या दिवशी सकाळीच कुठल्याशा समुद्रावर जळून गेली होती, ते आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. तूही सतरा मिनिटं उभी होतीस, हे आज कळलं.

सरांकडे जाऊन मी सगळं सांगितलं, लिहूनही दिलं. सरांनी दोन्ही पानं वाचली. म्हणाले, डबी का बंद पडली त्याचा अहवाल तेव्हाच छापून गेला, आता तो कॉलेजात मुलांना शिकवतात, बॅटरीत काय चुका होऊ शकतात त्याचं उदाहरण म्हणून. तो बदलायला समिती बसावी लागेल आणि ती समिती आता उरलेली नाही. माझी पानं फाइलला लावतो म्हणाले. फाइल कोण उघडतं? रोज एकदा जाऊन त्यांच्या दारात उभा राहतो, ते चहा देतात, मी परत येतो.

तुझा कागद बाबांना दाखवला. बराच वेळ ते त्याच्यावर हात ठेवून होते. मग त्यांनी कोरा कागद मागितला. मला वाटलं, आता लिहितील. आईही कामं टाकून येऊन उभी राहिली. त्यांनी पेन्सिल टेकवली, उचलली, पुन्हा टेकवली. शब्द त्यांना येतच नाहीत गं, ओठांवर नाहीत आणि हातातही नाहीत. डॉक्टर म्हणाले होते, काहींना नुसते आकडे उरतात.

शेवटी त्यांनी ७.९ लिहिलं. त्याखाली पुन्हा ७.९. कागद भरेपर्यंत तेवढंच लिहीत राहिले, आणि भरल्यावर तो माझ्या छातीवर दाबून दाराकडे बोट केलं. आईला अर्थ विचारला तर ती पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली. तो कागद सोबत आहे. त्यांच्याजवळ होतं तेवढं सगळं त्यात आहे.

तुझी यादी मी दुकानात टेबलासमोर लावली आहे. पाचव्या ओळीपुढची खूण मी मागत नाही. ती जागा तशीच राहू दे.

ज्याला एक बोट उचलता आलं नाही, तो
बारक्या