छत्री कुणाच्या हातची

११ मार्च

टिल्लू परतला नाही. लढाईवर चार विमानं गेली, तीन आली!

फोरमनने मला टेबलावरून उठवून बाहेर बोलावलं आणि डोक्यावरची टोपी काढली. या माणसाची टोपी उतरलेली मी आजवर पाहिली नव्हती. म्हटलं, आधी टोपी घाला, मग काय ते बोला. तर म्हणाला, ‘विमान खाली जाताना दिसलं. हवाई छत्री उघडलेली कुणी पाहिली नाही. ढग फार होते.’

ढग होते ना? मग दिसणार कशी? — मी तेवढंच धरून बसले आहे.

ताईला मलाच सांगावं लागलं. टिल्लू तिचा एकुलता एक, पण वाढला आम्हा दोघी बहिणींच्या हातांत. भावजी गेले तेव्हा तो रांगत होता, आणि तेव्हापासून मी इथेच. ती चादर पिळत होती. ‘आज लवकर कशी?’ सांगितलं. रडली नाही. पिळलेली चादर पुन्हा पाण्यात टाकली आणि पुन्हा पिळायला लागली. मग दुसरं टोक मी धरलं.

१२ मार्च

ताईने अन्नाला हात लावलेला नाही. शेजारीण ‘धीर धरा’ सांगून गेली. धीर काय दोरीवर वाळत घातलाय, काढून धरायला!

१४ मार्च

फोरमनच्या तोंडून आज काढून घेतलंच. टिल्लूच्या पाठीवरची छत्री नवीने बांधलेली होती.

विमानतळावरच्या आमच्या खात्यात आम्ही मूठभर बायका. लांबच लांब टेबल. त्यावर छत्री पसरायची, सगळ्या दोऱ्या विंचरल्यासारख्या सरळ करायच्या, कापडाची पट्टी-पट्टी घडी घालून पिशवीत बसवायची. एक दोरी दुसरीवर चढली, तर वर आभाळात छत्री उघडेलच असं नाही. बांधलेल्या छत्र्या फळीवर जातात आणि वैमानिक हाताला येईल ती उचलतो. कुणाची कुणाला गेली ते फोरमनच्या वहीत असतं, आम्हाला ठाऊक नसतं. नसलेलंच बरं, असं फोरमन नेहमी म्हणतो. आज पटलं.

नवीला येऊन बरीच वर्षं झाली. पण तिच्यानंतर कुणी आलंच नाही, म्हणून ती अजून नवीच. काम भराभर करते. करताना गुणगुणते. मला ते कधीच आवडलं नाही.

संध्याकाळी ताईने इतक्या दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडलं. ‘त्याची छत्री कुणी बांधली होती गं?’

माझ्या तोंडून निघून गेलं — ‘मी.’

‘नक्की?’

‘माझ्या हातचं काम मी ओळखत नाही?’

‘मग उघडली असणार,’ ताई म्हणाली. ‘तुझ्या हातचं कधी काही बिघडत नाही.’ आणि उठून ताट वाढून घेतलं. पोटभर जेवली. मी माझं ताट झाकून ठेवलं.

१५ मार्च

काय करून बसले मी! जिभेला हाड नाही ते नाहीच. उद्या विमानाचा सांगाडा सापडला आणि त्यात छत्री बांधलेलीच्या बांधलेली निघाली तर? मग टिल्लू तर गेलाच, आणि गेला तो माझ्या हातून! ताई माझं तोंड पाहणार नाही. खरं सांगावं, तर ती पुन्हा ताटावरून उठेल.

१७ मार्च

दिवसभर नवीच्या बोटांकडे बघत होते. नखं कापलेली. अंगठी नाही, बांगडी नाही — आमच्याकडे चालतच नाही, कापडाला ओरखडा पडतो. पण बोटं नीट असली म्हणजे लक्ष नीट असतं का?

जेवणाच्या सुट्टीत सगळ्या बाहेर गेल्या. मी फळीवरून तिने बांधलेली एक छत्री काढली आणि कडी खेचली. फडाफड सगळी बाहेर! एक दोरी इकडची तिकडे नाही. दुसरी काढली, तीही तशीच. मागे वळले तर दारात नवी, हातात डबा.

‘बाई, माझ्याच का?’

माझ्या हातात अजून कडी होती.

‘मला कुणी काही सांगितलेलं नाही. पण तुम्ही सारखं बघताय त्यावरून कळलं. तुमच्या भाच्याची माझीच होती ना?’

‘हो.’

तिने डबा खाली ठेवला आणि दोन्ही छत्र्या पुन्हा बांधायला घेतल्या. माफी मागावी की दोऱ्या धराव्यात? मी दोन्हींतलं काहीच केलं नाही, तशीच उभी राहिले. आज ती गुणगुणत नव्हती. आणि मला तेही आवडलं नाही.

दोन चांगल्या निघाल्या, यातून काय कळलं? काहीच नाही. तिसरी वाईट असू शकते.

१९ मार्च

ताई आज हसली! कशावरून तर जत्रेतल्या त्या मोठ्या पाळण्यावरून. टिल्लू सात-आठ वर्षांचा असेल. हट्टाने ताईला घेऊन वर बसला आणि खाली येईपर्यंत ओकून तिच्या नव्याकोऱ्या कपड्यांचं पार वाटोळं करून टाकलं. पुढे स्वारी विमानदलात भरती झाली, तेव्हा आम्ही दोघी हसून बेजार. तर मला म्हणतो, ‘मावशी, पाळणा दुसरा फिरवतो. विमान मी फिरवणार. फरक आहे!’ सहा फूट उंच झाला तरी टिल्लूच. एकदा सुट्टीत खात्यात आला तेव्हा सरळ आमच्या टेबलावर आडवा झाला — ‘मलापण घडी घालून ठेव, फार दमलोय.’ फोरमन ओरडेपर्यंत हलला नाही मेला.

मेला! तोंडात बसलेला शब्द आहे. आता लिहितानाही जीभ चावते.

हसता हसता ताई म्हणाली, ‘तुझी छत्री आहे पाठीला. बसला असेल कुठेतरी, वाट बघत.’

मला त्याचा राग येतो. ढगात कशाला शिरायचं! इतर तिघे आले ना परत? हे लिहिल्यावर रडू आलं. आधी का नाही आलं?

२३ मार्च

त्याच्या तुकडीचे साहेब आले. बरोबर टिल्लूची ट्रंक.

विमान सापडलं आहे. डोंगरावर, जळून कोळसा. आत कुणी आहे की नाही ते सांगता येत नाही, छत्री होती की नाही तेही नाही. ‘पण आशा ठेवू नका,’ म्हणाले. चांगला माणूस आहे. चहाचा कप हातात धरून ठेवला होता, पीत नव्हता. ताईला बरं वाटावं म्हणून पुढे म्हणाला, ‘छत्रीबद्दल मनात किंतु नको. ज्या मुलीने बांधली तिचं काम चोख आहे. आम्ही चौकशी केली.’

‘मुलीने?’ ताई म्हणाली.

‘हो. यांच्याच खात्यातली.’

मी ट्रंकेच्या कुलपाकडे बघत राहिले. साहेब म्हणाले, उघडून सगळं आहे का बघून घ्या. ताई म्हणाली, ‘ज्याची आहे तो उघडेल.’

साहेब गेल्यावर तिने कप विसळला. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

२४ मार्च

ताई बोलत नाही. जेवते मात्र — भांडल्यासारखी.

२६ मार्च

‘खोटं का बोललीस?’

‘तू जेवत नव्हतीस.’

‘म्हणजे मी काय उपाशी मरणार होते?’

‘हो!’

‘त्या मुलीला घेऊन ये.’

‘ताई, तिचा काय दोष?’

‘दोष म्हणाले का मी? घेऊन ये.’

२७ मार्च

नवी येईल असं वाटलं नव्हतं. आली. दारात चपला काढून नीट जोडीने लावल्या.

ताईने तिला समोर बसवलं. ‘हात बघू.’ दोन्ही तळवे उलटेपालटे करून पाहिले. मग विचारलं, ‘माझ्या मुलाची छत्री बांधलीस तो दिवस आठवतो तुला? नीट बांधलीस?’

मला वाटलं, ही आता म्हणेल — हो, अगदी नीट, देवाशपथ. मी तिच्या जागी तेच म्हटलं असतं. म्हटलंच होतं की!

नवी म्हणाली, ‘मला नाही आठवत. रोज बांधते. सगळ्या सारख्याच बांधते. तीच एक आठवावी म्हणून रोज रडते, पण नाही आठवत.’

मी डोळे मिटून घेतले. वाटलं, संपलं.

ताईने तिचे हात सोडले नाहीत. ‘बरं केलंस,’ म्हणाली. ‘आठवतं म्हणाली असतीस तर माझा विश्वास बसला नसता.’ मग माझ्याकडे वळून, ‘हिला चहा टाक. आणि मलाही. तुला हवा असेल तर तू पण घे.’

मला पण! हसू की रडू कळेना. साखर दुप्पट पडली, तरी दोघींनी कप रिकामे केले. नवी गेल्यावर ताई म्हणाली, ‘यापुढे माझ्याशी खोटं बोलू नकोस. काहीही झालं तरी, जे असेल ते सांग.’ कबूल केलं.

३० मार्च

काही नाही. रेडिओवर लढाई ओसरल्याचं सांगतात. आमच्याकडे काहीच ओसरलेलं नाही.

२ एप्रिल

डोंगराखालच्या झाडीत आपल्या शिपायांना त्याची छत्री सापडली; क्रमांक फोरमनच्या वहीशी जुळला. पोत्यात भरून आज खात्यात आली. फोरमन म्हणाला, तुम्ही घरी जा. गेले नाही. नवीने आणि मी ती टेबलावर पसरली.

उघडलेली. पूर्ण! पट्ट्याची बकलं कापलेली नाहीत, तुटलेली नाहीत — हाताने काढलेली. आणि कडेचं कापड एका जागी सुरीने कापून नेलेलं, जखम बांधायला लागतं तेवढंच. शिपायांना विचारून घेतलं. त्यांनी कापलेलं नाही.

जमिनीवर उतरला तेव्हा टिल्लू जिवंत होता!

ताई आत भांडी घासते आहे. तिला हाक मारते.