दोन हिमयुगांमधली माती

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. तुम्ही होतात तेव्हा फोनवर बोलणं व्हायचं, पत्र लिहायची वेळ कधी आलीच नाही. आज लिहिते आहे.

जवळा बाजारची आपली शाळा, नव्वदच्या दशकातली. वडील मेंढरं घेऊन रानोमाळ फिरायचे, म्हणून शाळा असेपर्यंत मी तुमच्याच घरी राहिले. काकू चुलीपुढं भाकरी थापतायत आणि तुम्ही दाराशी उजेडात बसून माझा पेपर तपासताय. हिमोढ म्हणजे बर्फाचा ढीग, असं मी लिहिलं होतं. तुम्ही त्यावर रेघ ओढलीत. "बर्फाचा न्हाई. बर्फानं वाहून आणून टाकलेल्या दगडमातीचा. बर्फ जातो, ते राहतं. त्यावरूनच कळतं, इथं कधीतरी बर्फ होता." काकूंनी तव्यावरची नजर न काढता विचारलं, तुमी पाहिला का कधी? तुम्ही न्हाई म्हणालात. पुस्तकातल्या चित्राखेरीज तुम्ही बर्फाचा डोंगर पाहिलाच नव्हता, आणि दरवर्षी तो शिकवत होतात.

वडिलांना बाजाराच्या दिवशी गाठून मला पुढं शिकवायला तुम्हीच राजी केलंत. दोन हजारनंतर मी हिमालयात जुन्या हिमनद्यांच्या खुणा शोधायच्या कामाला लागले. निवृत्त झालो की दोघं येतो, म्हणालात. काकूंनी हिंगोलीत रस्त्याकडेला बसणाऱ्या नेपाळ्यांकडून दोन स्वेटर आणून ठेवले. त्याच हिवाळ्यात काकू गेल्या. तुम्ही आलात ते एकटेच. अंगात तुमचा स्वेटर, आणि त्याच्यावर आखूड बाह्यांचा त्यांचा.

पायथ्याच्या गावात डॉक्टरांनी तुम्हाला लागलेला दम बघून वर जायला मनाई केली. हिमनदी अजून बरीच उंच होती. तुम्ही वाद घातला नाही, खाटेवर बसून बुटाच्या नाड्या सोडत राहिलात. मला ते बघवेना. दुसऱ्या दिवशी तुम्हाला जीपनं गावामागच्या कड्याशी नेलं. रस्त्यासाठी डोंगर कापला होता, त्यामुळं आतले थर उघडे पडले होते. बर्फ पूर्वी या गावाच्याही खाली उतरला होता, मी सांगितलं. खालच्या थरात लहानमोठे दगड निळसर मातीत कसेही रुतलेले. नदीनं आणले असते तर गोल होऊन आले असते, आकारानं निवडून लागले असते. एका दगडावर समांतर ओरखडे होते, बर्फात अडकून घासत आल्याचे. तुम्ही त्यांवरून बोट फिरवत राहिलात. वर तपकिरी मातीचा पट्टा, त्यात काळ्या पडलेल्या मुळ्या. आणि त्याच्याही वर पुन्हा तसेच अस्ताव्यस्त दगड.

"म्हंजी दोनदा आला," तुम्ही म्हणालात.

व्हय सर, मी म्हणाले. मधे ऊब होती. बर्फ मागं हटला, इथं गवत आलं, झाडं आली. हजारो वर्षं तसंच होतं.

त्या तपकिरी मातीवर तळहात टेकून तुम्ही उभे राहिलात. मग माझ्याकडं न बघता म्हणालात, "तिला दाखवायचं राहून गेलं, बाळ." आणि रडायला लागलात. मी तुमचा दुसरा हात धरला. जीपवाला गाडी बंद करून लांब जाऊन बसला.

पुढच्या उन्हाळ्यात तुम्हीही गेलात. मी वर होते, खाली उतरल्यावर कळलं. तोवर तुमची माती होऊन गेली होती. तो कडाही नंतर दरडीखाली गेला. आता त्याचा माझ्यापाशी एक फोटोच आहे. मीही शिकवते आता, तो दरवर्षी वर्गात दाखवते. फोटोत कड्याला हात टेकून पाठमोरे तुम्ही आहात. दगडांच्या आकाराचा अंदाज यावा म्हणून अशा फोटोत माणूस उभा करतात, हे पोरांना ठाऊक असतं. आज एकीनं विचारलं, मॅडम, हे कोण?

मापासाठी उभे केलेत, एवढंच म्हणाले. पुढचं तुम्हालाच लिहिते आहे, सर.