पडद्यावरचं पांढरं

चि. धाकट्यास अक्काचा आशीर्वाद, आणि कानाला एक चिमटा.

तुझं पाकीट पोचलं. आत पत्र घालायला मात्र विसरलास. मला अक्षरओळख नाही, तेव्हा रिकामं काय नि भरलेलं काय! हे नात लिहून घेते आहे.

मी छान आहे. फक्त पोटाची सोनोग्राफी झाली. अंधाऱ्या खोलीत पडद्यावर माझं लिव्हर दिसलं, धुक्यासारखं पांढरं. मी श्वास रोखला की थांबायचं, सोडला की हलायचं. एकदा मात्र ते माझ्याआधी थांबलं. हसू नकोस, मी पाहिलं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजी, दारू घेता?" म्हटलं, "आमच्याकडे खोकल्याचं औषधसुद्धा हुंगून पितात!" त्या म्हणाल्या, न पिणाऱ्यांच्याही लिव्हरवर चरबी चढते, बहुतेकदा दुखत नाही, खुपत नाही. माझी सुरुवातच आहे. गोड सोडलं, रोज चाललं, वजन हळूहळू उतरवलं, तर ती मागे फिरू शकते.

दुपारी पडले की वाटतं, बरगडीखाली कान लावावा. आत सगळं गप्प असतं, त्याचीच भीती वाटते.

आपल्या दादाचे डोळे पिवळे झाले, तेव्हा लोक म्हणाले, चोरून पीत असेल. तो तर चहालाही नको म्हणायचा. तुझं पोट अगदी त्याच्यासारखं सुटलंय, वर साखरेचा आजार. दुखत नाही म्हणून बसून राहू नकोस, तपासून घे. बायकोला सोबत ने, नाहीतर दवाखान्याचा रस्ता विसरशील. तिचे गुडघे कसे आहेत?

तपासणी झाली की भाजलेले हरभरे पाठव, बिनमिठाचे. गोड काही आलं, तर समजेन, तू गेलाच नाहीस.

तुझी अक्का