बाईंचा होकार

४ फेब्रुवारी, रविवार

आज खोटं बोलले. चिमूटभरच. पण बोलले.

नात चष्म्याच्या दुकानात काम करते आणि रविवारी गच्चीवरून ड्रोन उडवते. चार पंख्यांचा मोठा डास आहे तो, गुणगुणही तशीच. तिचे नियम मात्र माझ्या सासूपेक्षा कडक. कुणाच्या खिडकीसमोर थांबवायचा नाही, कुणाच्या गच्चीवरून न विचारता न्यायचा नाही. आज तिला अख्खी गल्ली वरून टिपायची होती, म्हणजे तीन घरांवरून जाणं आलं. म्हणून तिन्ही घरी मला धाडलं. तुला कुणी नाही म्हणत नाही, म्हणे. आणि वर बजावलं – विचारायचं म्हणजे कळवून यायचं नाही हं आजी. नको म्हणाले तर नको.

शिंप्याला विचारलं. तो म्हणाला, माझं टक्कल वगळून काय हवं ते टिपा. बेकरीवाल्याने विचारलं, पाव उचलून नेणार नाही ना? दोन होकार झाले. राहिल्या शेजारच्या मास्तरीणबाई. त्या वरच्या मजल्यावर, जिना उभा. सात पायऱ्या चढले आणि गुडघा म्हणाला, बस. बसले. मग उतरून घरी आले आणि नातीला सांगितलं, बाई हो म्हणाल्या.

एवढ्यावर थांबले असते तर ती मी कसली! खुशाल उडव म्हणाल्या, मुलींनी हे शिकायलाच हवं म्हणाल्या – लावली फोडणी. नातीने वहीत लिहून घेतलं.

मग तो डास उडाला. नातीच्या हातातल्या पडद्यावर बाईंची गच्ची आली, आणि गच्चीत बाई. जुना गाऊन, डोकंभर कलप थापलेला, खुर्चीत बसून वाळवतायत. तीस वर्षं मला ऐकवतायत, आमच्या घराण्यात केस पिकतच नाहीत! मला हसू आवरेना. तेवढ्यात बाईंनी वर पाहिलं. टॉवेल डोक्यावर ओढला आणि खुर्ची पाडून आत पळाल्या.

नातीने तो लगेच उतरवला. तिचा चेहरा पडला होता. म्हणाली, बाईंना माहीत होतं ना आपण येणार?

मी म्हटलं, विसरल्या असतील.

५ फेब्रुवारी, सोमवार

सकाळीच बाई आल्या. दारातच उभ्या राहिल्या, आत या म्हटलं तरी आल्या नाहीत. शाळेत चाळीस वर्षं घालवलेला आवाज तो. नातीला म्हणाल्या, माणूस स्वतःच्या गच्चीवरही स्वतःचा नसेल तर मग कुठे असावा?

नात बिचारी उभी. माफी मागितली. मग म्हणाली, पण बाई, मी विचारल्याशिवाय नव्हता उडवला. आणि वही आणून दाखवली.

मी आत भाजी निवडत होते. निवडतच राहिले.

बाईंनी चष्मा चढवून वाचलं. एकदा वाचलं, परत वाचलं. आजवर त्यांनी किती मुलांना सांगितलं असेल – नीट वाच, काय लिहिलंय ते बघ. तसंच स्वतः वाचलं. मग आत माझ्याकडे बघून म्हणाल्या, "वहिनी, मी हो म्हणाले होते?"

मी म्हणाले, "हो की."

दोनच शब्द. बाईंचा आवाज एकदम उतरला. असेल मग, म्हणाल्या. उलट नातीचीच क्षमा मागून गेल्या.

मला अक्षर येत नाही. अंगठा उठवून जन्म काढला. पण माझं खोटं मात्र सुवाच्य अक्षरात लिहून ठेवलंय, तारीख घालून.

७ फेब्रुवारी, बुधवार

नातीने गल्लीचं सगळं चित्रण पुसून टाकलं. होकार असला म्हणून काय झालं, त्यांना आवडलं नाही ना, म्हणाली. ड्रोन कपाटात गेला.

ही नोंद मी फोनपाशी बोलते आणि तो लिहितो. सोय तिनेच करून दिली. काय लिहितो ते तोच जाणे. मी वाचणार नाही, म्हणाली. ती म्हणाली म्हणजे नाहीच वाचणार. या बाबतीत ती माझ्यावर गेलेली नाही.

११ फेब्रुवारी, रविवार

बाईंची स्मरणशक्ती म्हणजे गल्लीची चावडी. कुणाचं लग्न कधी, कुणाचा मुलगा कितव्या बाकावर बसायचा, कुठल्या साली पाणी आलं नव्हतं – भांडण झालं की बाईंना विचारायचं. त्या सांगतील ते खरं.

आज त्या मला विचारायला आल्या, तुमची चाळणी मी नेली होती का? म्हटलं, नाही बाई. नक्की? नक्की. गेल्या. पाच मिनिटांनी परत – मी कुलूप लावताना तुम्ही पाहिलंत का हो? किल्ली गळ्यात नाडीला बांधलेली.

मी थट्टा केली. म्हटलं, बाई, आता कलप लावायचा राहिला तरी लक्षात यायचं नाही तुमच्या. हे तोंड कुणीतरी शिवून टाका. शिंपी खालीच आहे.

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, पहिल्यांदा काय विसरले ते ठाऊक आहे वहिनी. त्याच्याआधी किती विसरले असेन, ते कोण सांगणार?

१४ फेब्रुवारी, बुधवार

आज सांगणार होते. पाहुणे आले. पाहुणे आले नसते तरी सांगितलं नसतं.

१८ फेब्रुवारी, रविवार

बाईंचा मुलगा आलाय. लांब असतो, दिवसभराचा प्रवास आहे. बाईंनीच फोन करून बोलावलं. मला एकटीला राहायची भीती वाटते म्हणाल्या त्याला. ज्या बाईने नवऱ्यामागे एकटीने घर चालवलं, ती!

मुलगा गुणी आहे. आमच्याकडे येऊन पाया पडला, मी आशीर्वाद दिला. आईला घेऊन जातो म्हणाला. घर बंद ठेवू, पुढचं पुढे. त्याच्या घरी बाईंना एक खोली आहे, आठव्या मजल्यावर. तिथे ना शिंपी, ना बेकरी, ना मी.

नात तिकडे जाऊन आली. बाईंनी घरभर चिठ्ठ्या चिकटवल्यात म्हणाली. गॅस बंद कर. नळ बंद कर. दूधवाल्याला काल सांगितलंस, परत सांगू नकोस. आणि एक चिठ्ठी आरशावर – कुणाला हो म्हणण्याआधी लिहून ठेव.

ही शेवटची चिठ्ठी मीच लिहायला लावली.

१९ फेब्रुवारी, सोमवार

नातीला सांगितलं. ती दुकानात निघाली होती, एक बूट पायात, एक हातात. सगळं सांगितलं – सात पायऱ्या, गुडघा, लावलेली फोडणी. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. हातातला बूट खाली ठेवून म्हणाली, "चढवत नाही म्हणाली असतीस तर मी गेले असते ना गं."

मी गेले नाही, हे कबूल करायची लाज वाटली. म्हातारीला जिना चढवत नाही यात लाजण्यासारखं काय होतं? पण वाटली. आणि त्या लाजेपायी दुसरीचं डोकं फिरवून ठेवलं.

तिने वही काढली आणि बाईंच्या ओळीवर रेघ मारली. म्हणाली, पण हे त्यांना तूच सांगायचंस. माझ्या तोंडून नाही.

२० फेब्रुवारी, मंगळवार

चढले. बसत, धापा टाकत, पण सगळा जिना चढले. वर बाई बॅगेत पुस्तकं भरत होत्या आणि मुलगा ती परत बाहेर काढत होता.

खुर्चीवर बसले नाही. उभ्यानेच सांगितलं. बाई, तुम्ही काही विसरला नाहीत. मी विचारलंच नव्हतं. मी खोटं बोलले, दोनदा.

बाईंनी हातातलं पुस्तक खाली ठेवलं. मुलगा मात्र हसला, वाईट नाही, मायेने. म्हणाला, आजी, तुम्हाला ती जाऊ नये असं वाटतं, ते समजतंय मला. मी म्हटलं, अरे, वहीतली ओळसुद्धा खोडलीय, नातीला विचार. तो म्हणाला, ओळ आता खोडली ना? आधी तर होतीच. आणि एकच गोष्ट थोडीच आहे? गेल्या आठवड्यात तिने एकाच दुपारी मला तीनदा फोन केला, गॅस बंद केलाय का विचारायला. मी तिकडून कसं सांगणार?

माझ्यामुळेच केला रे, म्हटलं. तो पाणी आणायला आत गेला.

गल्लीत मी थट्टेखोर म्हातारी. लांडगा आला रे, लांडगा आला. आता खरा आलाय तर मी एकटीच ओरडतेय, आणि लांडगाही मीच.

बाई परत पुस्तकं भरू लागल्या.

२१ फेब्रुवारी, बुधवार

दुपारी बाई आल्या, एकट्याच. उद्या सकाळची गाडी आहे. माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाल्या, "वहिनी, मला इथे राहता यावं म्हणून तुम्ही माझ्या मुलासमोर स्वतःला खोटारडं म्हणवून घेतलंत. इतकं सख्खं माणूससुद्धा करत नाही."